अर्धी खुंटी

“अहो, खुर्ची द्यायला गेला होतात ना? मग ती परत कशी आली? आणि ही कोण?”

मिस्त्रीणबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. समोर त्यांचे यजमान, सुतारकाम करणारे मिस्त्री. एका काखेत लाकडी खुर्ची, दुसऱ्या हातात दोरी, आणि दोरीच्या टोकाला पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग असलेली एक कुत्री. शेपूट पोटाखाली, कान पाडलेले, त्यातल्या एकाचं टोक फाटलेलं, पाय लटपटत होते.

मंडळी, असा प्रसंग तुमच्याही घरी कधीतरी घडला असेल. एक जण मुकं जनावर घेऊन उंबऱ्यात उभा आणि दुसऱ्याचा एकच सवाल, “हिचं करणार कोण?” सवाल चुकीचा नाही. मी तर म्हणतो, तो विचारलाच पाहिजे. हौसेनं जनावर आणायचं, फोटो काढायचे आणि कंटाळा आला की रस्त्यावर सोडून द्यायचं, अशी माणसं आपल्यात काही कमी नाहीत. त्यातलाच एक महाभाग या गोष्टीत पुढं भेटणार आहे.

तर झालं होतं असं. जखमी जनावरांचा एक आश्रम होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्यापूर्वी मिस्त्रींना बोलावलं होतं.

“मिस्त्री, कुत्रीला बसायला खुर्ची हवी आहे.”

“कुत्रीला? मग टेबलही करून देतो की! आणि सकाळचं वर्तमानपत्र?”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “हिची अन्ननलिका सैल पडली आहे. घास पोटात उतरत नाही, मध्येच थांबतो. खाली मान घालून खाल्लं की सगळं उलटून येतं. श्वासात गेलं तर थेट फुप्फुसात, आणि मग न्यूमोनिया. हिनं ताठ बसूनच खायला हवं आणि खाल्ल्यावर वीस मिनिटं तसंच बसून राहायला हवं. दिवसातून तीन वेळा. जन्मभर.”

मिस्त्रींची थट्टा तिथंच संपली. माप घ्यायला त्यांनी टेप काढला आणि तो खटकन मिटला. त्याबरोबर कुत्री कपाटाखाली घुसली आणि भीतीनं तिथंच तिला लघवी झाली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिचा एक्स-रे उजेडात धरून दाखवला. मागच्या मांडीत तीन ठिपके होते.

“बंदुकीचे छर्रे. पाखरांच्या शिकारीची कुत्री आहे ही. पाखराचा वास आला की एक पाय उचलून गप्प उभं राहायचं आणि मालकानं पाखरू पाडलं की आणून द्यायचं, हे हिचं काम. कुणीतरी हिच्यावरच गोळी झाडली आणि तळ्याकाठी झाडाला बांधून निघून गेलं. दोन दिवसांनी सापडली.”

मिस्त्रींनी टेप खिशात टाकला आणि दोऱ्यानं माप घेतलं. पाठ किती, छाती किती, पुढचे पाय कुठं टेकतील. दोरा अंगाला लागला की कुत्री थरथरायची; मिस्त्री थांबायचे, मग पुन्हा घ्यायचे. अर्धा तास लागला. शेवटी तिनं त्यांच्या भुश्यानं माखलेल्या तळव्यावर नाक टेकवलं.

खुर्ची झाली. पुढं एक आडवी दांडी होती आणि दोन्ही टोकांना ती लाकडी खुंट्यांनी अडकवलेली होती, म्हणजे कुत्री पुढं घसरायला नको. खुर्ची द्यायला गेले त्या दिवशी कुत्री त्यात बसून जेवली आणि पहिल्यांदाच सगळं पोटात राहिलं. वीस मिनिटं तिनं मिस्त्रींच्या खांद्यावर हनुवटी टेकून काढली.

“हिला नेणार कोण?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही. सगळे येतात, बघतात, हळहळतात. वीस मिनिटं म्हटलं की घड्याळ बघतात.”

मिस्त्रींनी कागदावर सही केली. म्हणून खुर्ची परत आली आणि ‘ही’ही आली.

“तुमच्या घरात दिवसभर ठोकाठोक,” मिस्त्रीणबाई म्हणाल्या, “आणि आणलीत कोण, तर बंदुकीच्या आवाजाला भ्यालेली! धन्य आहे तुमची!”

“ठोकणार नाही.”

“मग काय, लाकडाला विनंती करणार? बाबा रे, आपला आपण जोडून घे?”

“खुंट्यांनी जोडीन. भोक पाडायचं, सरस लावायचा, खुंटी दाबून बसवायची आणि वर शिकंजा आवळायचा. माझे वडील तसंच करायचे. आवाज नाही.”

मिस्त्रीणबाईंनी खाली पाहिलं. कुत्री त्यांच्या चपलेला घाबरून नवऱ्याच्या पायामागं लपली होती. “भागूबाई आहे नुसती!” असं म्हणून त्या आत गेल्या आणि मऊ खाणं शिजवायला पातेलं चढवलं. भागूबाई हेच नाव पडलं. लाडात आल्या की भागू.

सकाळचं खाणं बाई भरवायच्या आणि मग शाळेच्या कचेरीत कामाला जायच्या. दुपारचं मिस्त्री भरवायचे आणि संध्याकाळचं दोघं मिळून. महिन्याभरात भागूच्या फासळ्या झाकल्या. लाकडाच्या थप्पीमागून ती बाहेर येऊ लागली. एकदा भुश्यात उतरलेल्या चिमणीकडं बघून तिनं पाय उचलला आणि अशी स्तब्ध उभी राहिली की मिस्त्रींनी रंधा हातातच धरून ठेवला.

आता मिस्त्रींचा स्वभाव सांगायला हवा. माणूस सोन्यासारखा, पण डूख धरणारा! शेजारच्या इस्त्रीवाल्यानं अकरा वर्षांपूर्वी त्यांची करवत नेली आणि दाते मोडून परत दिली. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. भिंतीला भिंत लागून, आणि अकरा वर्षांत ‘काय, बरं आहे का’ नाही! असा हा माणूस. त्याच्या दुकानात एके दिवशी बंदूकवाले साहेब आले.

मोठी गाडी, मोठा आवाज. पाखरांची शिकार करणाऱ्यांच्या क्लबाचे ते अध्यक्ष होते.

“काय रे मिस्त्री, चषक ठेवायला कपाट हवंय मला. काचेची दारं, भरभक्कम फळ्या. क्लबाच्या समारंभात पडदा ओढून उघडायचंय. आणि वरच्या चौकटीत हा फोटो बसवायचा.”

फोटोत साहेब बंदूक घेऊन उभे होते. पायाशी पांढरी-तपकिरी कुत्री. डाव्या डोळ्यावर डाग, उजव्या कानाचं टोक फाटलेलं.

मिस्त्रींनी थप्पीकडं पाहिलं. भागू पार आतल्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटली होती. तिचं नखसुद्धा दिसत नव्हतं.

“राणी म्हणायचो मी तिला,” साहेब सांगत होते. “गेली बिचारी. शिकारीतच गेली, माझ्या मांडीवर प्राण सोडले. यंदापासून तिच्या नावानं चषक ठेवतोय. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल बघ!”

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मांडीवर प्राण सोडले! झाडाला बांधलं, मांडीत छर्रे घातले, आणि वर तिच्या नावानं चषक! हाताशी लाकूड तासायची धारदार पटाशी होती. ती उचलावी असं त्यांना वाटलं, हे मी लपवणार नाही. पण मिस्त्री हसले.

“करतो साहेब. असं कपाट करतो की लोक जन्मभर विसरणार नाहीत.”

त्या दिवसापासून मिस्त्री दुसरंच काहीतरी रचू लागले. कपाटाच्या फळ्या ज्या खुंट्यांवर टेकणार, त्या खुंट्या त्यांनी अर्ध्या केल्या. बाहेरून डोकं बघाल तर पूर्ण खुंटी, आत मात्र जेमतेम बोटाच्या पेराएवढी! फळीवर वाळूच्या पिशव्या ठेवून त्यांनी पाहिलं. पाव तास फळी तग धरायची आणि मग एकदम खाली. म्हणजे पडदा उघडणार, टाळ्यांच्या गजरात चषक फळ्यांवर मांडले जाणार, साहेब भाषणाला उभे राहणार, गळा दाटून ‘माझी राणी’ म्हणणार, आणि धडाड्! सगळे चषक चारी मुंड्या चीत. त्याच वेळी मिस्त्री पुढं होऊन एक्स-रे दाखवणार. हे चित्र डोळ्यांपुढं आणत ते रंधा मारायचे आणि स्वतःशीच हसायचे.

भागूला तपासायला डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मिस्त्रींनी मोठ्या खुशीत त्यांना सगळा बेत सांगितला. त्या हातातला कप खाली ठेवून ऐकत राहिल्या.

“फोटोत हीच आहे, याची खात्री आहे?”

“फाटका कान, डोळ्यावरचा डाग. आणि त्याचा आवाज ऐकून ही जी पळाली, त्याहून मोठी साक्ष काय पाहिजे?”

“मग मी रीतसर तक्रार करते. एक्स-रे आहे, तुमचा जबाब आहे.”

“तक्रारीनं काय होतंय? मला त्याची चारचौघांत जिरवायची आहे!”

“आणि ते कपाट कुणाच्या अंगावर कोसळलं तर? काचा उडाल्या तर?”

 हा विचार मिस्त्रींच्या डोक्यात आलाच नव्हता. मग म्हणाले, “भागूला न्याय नको का मिळायला?”

“मिस्त्री, भागूला न्याय कळत नाही. बारा वाजले की जेवण येतं, एवढं तिला कळतं. तुमच्या रागाला माझी हरकत नाही. मलाही कमी राग आलेला नाही. पण या रागाच्या पायी तुमचं तिच्याकडं दुर्लक्ष होतंय. तिच्या छातीत घरघर आहे. खरं सांगा, वीस मिनिटं पुरी बसवता?”

“एखाद्या दिवशी पंधरा होतात. समारंभ जवळ आलाय, काम...”

“कोणतं काम?” डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं आणि पिशवी उचलली.

शहाण्या माणसाचं बोलणं आपल्याला पटतं, आणि आपण तसं वागत नाही. मिस्त्रींनीही तेच केलं. राग भारी गोड असतो हो! माझंच सांगतो, त्या साहेबाची फळी कोसळलेली बघायला मीही पहिल्या रांगेत बसलो असतो.

समारंभाला तीन दिवस राहिले होते. दुपारी बारा वाजता मिस्त्रींनी भागूला खुर्चीत बसवलं आणि दांडी लावताना त्यांच्या लक्षात आलं, एका बाजूची खुंटी झिजून सैल झाली आहे. टेबलावर खुंट्यांचा ढीग पडला होता. त्यांनी न बघताच त्यातली एक उचलली, भोकात दाबली, भागूला भरवलं आणि कपाटाच्या दाराला हात घातला. पाठ तिच्याकडं.

सात-आठ मिनिटं झाली असतील. मागं ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. मिस्त्रींनी तिकडं लक्ष दिलं नाही. मग काहीतरी धपकन पडलं.

दांडी निखळली होती. भागू खाली भुश्यात आडवी पडली होती. सगळं अन्न उलटून आलं होतं आणि ती श्वास घेऊ बघत होती, पण श्वास येत नव्हता. जीभ निळी पडत चालली होती.

“भागू! अगं भागू!”

त्यांनी तिला उचललं, पालथी धरली, पाठीवर थापट्या मारल्या. थोडी खोकली, पुन्हा घुसमटली. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना तीन चौक पलीकडं. मिस्त्री तिला छातीशी धरून धावत बाहेर आले आणि समोर इस्त्रीवाला कपड्यांचे गठ्ठे गाडीत भरत होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा मिस्त्रींनी त्याला हाक मारली.

“गाडी काढ रे! जाते ही!”

इस्त्रीवाल्यानं गठ्ठे फुटपाथवर टाकले आणि दार उघडलं. कोणाचे कपडे, किती मळले, त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. वाटेत फक्त एकदा म्हणाला, “डोकं वर धर तिचं, वर धर.”

अन्न फुप्फुसात गेलं होतं. दोन दिवस भागू नळीतून मिळणाऱ्या प्राणवायूवर होती. मिस्त्री दवाखान्यातल्या बाकावर बसून होते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीणबाई डबा घेऊन आल्या. डबा बाजूला ठेवून त्यांनी मूठ उघडली. तळहातावर एक खुंटी होती.

“खुर्चीच्या भोकात सापडली. दुकानातला माणूस मी नाही, पण खुंटी एवढीशी असते का हो?”

मिस्त्रींनी ती हातात घेतली. अर्धी खुंटी! त्यांच्या स्वतःच्या हातची, बाहेरून गुळगुळीत, आतून बोटाच्या पेराएवढी. साहेबाच्या फळीसाठी कापलेली!

“कपाटाची आहे,” ते कसंबसं म्हणाले. “मीच कापली. ढिगातून... न बघता...”

त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बाईंचा आवाज एरवी गल्लीभर ऐकू जातो. आता त्या अगदी हळू बोलल्या.

“सूड घ्यायला निघालात त्या साहेबावर, आणि घेतलात कुणावर? जिनं तुमच्या खांद्यावर मान टाकली तिच्यावर!”

मिस्त्री ढसाढसा रडले. पन्नाशीचा माणूस, दवाखान्याच्या बाकावर, लोकांसमोर! तीस वर्षं ज्या हातांनी कधी कच्चा सांधा जोडला नव्हता, ते हात त्यांनी उलटसुलट करून पाहिले. ‘साहेबानं हिला छर्रे घातले आणि मी खुंटी घातली,’ असं ते म्हणाले. मिस्त्रीणबाईंनी नाही म्हटलं नाही. फक्त डबा उघडून त्यांच्यापुढं सरकवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी भागूनं डोळे उघडले आणि शेपटीचं टोक दोनदा हलवलं. मिस्त्रींच्या जिवात जीव आला. घरी जाऊन त्यांनी पहिलं काम केलं. कपाटातली एकेक अर्धी खुंटी उपसून काढली आणि पूर्ण खुंट्या बसवल्या. फोटो चौकटीतून काढून टेबलावर पालथा ठेवला. डॉक्टरीणबाईंच्या तक्रारीखाली सही केली. मग खुर्चीची दांडी नव्यानं केली, आणि ताठ बसून खायची सोय घरीच आहे म्हणून डॉक्टरीणबाईंनी सोडलं तशी दुपारी इस्त्रीवाल्याच्या गाडीतून भागू घरी आली. तिला भरवून, तिच्या समोर स्टुलावर बसून मिस्त्रींनी तिच्या हनुवटीखाली हात धरला. ती इतकी अशक्त झाली होती की मान आपोआप खाली पडायची. हात काढला की संपलं.

आणि नेमके तेव्हाच साहेब आले.

“अरे मिस्त्री! संध्याकाळी समारंभ आहे, कपाट कुठंय माझं? फोन उचलत ना...”

साहेबांचं बोलणं तिथंच तुटलं. त्यांनी भागूला पाहिलं होतं. भागूनं त्यांना पाहिलं होतं. तिचं सगळं अंग थरथरू लागलं. पण खुर्चीतून पळायला जागा नव्हती. तिनं डोकं मिस्त्रींच्या काखेत खुपसायचा प्रयत्न केला.

“राणी?” साहेब म्हणाले. मग सवयीनं त्यांनी शीळ घातली, हुकमाची, आखूड.

मिस्त्रींची कानशिलं तापली. पटाशी हाताच्या अंतरावर होती. ज्या क्षणाची ते महिनाभर वाट पाहत होते, तो चालत दुकानात आला होता! फक्त उठायचं होतं. पण उठले असते तर हात निघाला असता, हात निघाला असता तर मान पडली असती. मिस्त्री उठले नाहीत.

“शीळ बंद,” ते म्हणाले. आवाज इतका हळू की साहेबांना पुढं वाकावं लागलं. “आणि हळू बोला. ती दचकली तर अन्न वर येईल, वर आलं तर मरेल. बारा मिनिटं बाकी आहेत. तुम्हाला बोलायचं असेल तर तोवर उभे राहा.”

साहेबांना थांबायला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पण ते थांबले. भुश्यात, चकचकीत बुटांनी, खुर्चीत बसलेल्या एका कुत्रीपुढं बारा मिनिटं! घड्याळाचा काटा सरकत होता. मिस्त्री भागूच्या मानेवरून अंगठा फिरवत होते.

“मांडीवर प्राण सोडले होते ना हिनं, साहेब?” त्यांनी हळूच विचारलं. “आणि मांडीतले तीन छर्रे? ते कुणाचे?”

साहेब बुटांकडं बघू लागले. मग म्हणाले, “चालता चालता ओकायची. पाखरू आणून देता देता ओकायची. क्लबातले लोक हसायचे मला. एक दिवस माझं डोकं फिरलं...” पुढचं त्यांनी गिळलं. “आमच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हिला असं बसवून भरवावं लागेल म्हणून. दिवसातून तीन वेळा! तुम्हीच सांगा, कुणाला वेळ आहे एवढा?”

‘अरे मिस्त्री’चं ‘तुम्ही’ कधी झालं, ते साहेबांनाही कळलं नाही.

“मला आहे,” मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी मानेनंच टेबल दाखवलं. “तो फोटो घेऊन जा. कपाट भक्कम आहे, फळी पडायची नाही. पडणार होती, पण मी खुंट्या बदलल्या. न्यायचं तर न्या. मात्र त्यावर हिचा फोटो लागणार नाही आणि चषकाला हिचं नाव लागणार नाही. ही जिवंत आहे. तक्रार गेलेली आहे, खाली माझी सही आहे. बाकीचं तिथं बोला.”

साहेबांनी फोटो उचलला. उलटा धरूनच ते बाहेर पडले. कपाट न्यायला कुणी आलं नाही. आता ते डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात औषधांनी भरून उभं आहे. क्लबात चषक दिला गेला नाही, अध्यक्ष आजारी असल्याचं सांगण्यात आलं. तक्रारीची चौकशी चालू आहे, आणि प्रत्येक तारखेला मिस्त्री धुतलेला, कडक इस्त्रीचा सदरा घालून हजर असतात. इस्त्री कुणाकडची, ते सांगायला नकोच!

मिस्त्रींनी साहेबाला माफ केलं का? छे! नाव काढलं की आजही त्यांच्या कपाळावरची शीर उठते. मीही कुणाला माफ करा म्हणून सांगणार नाही. मुक्या जनावराला छळणाऱ्याचा राग आलाच पाहिजे, तक्रार केलीच पाहिजे, आणि तोंड उघडून साक्षही दिलीच पाहिजे. पण ज्याच्यासाठी राग आला, त्याच्याकडं पाठ करून तो राग पोसू नका. आधी त्याच्या मानेखाली हात धरा. तो जगला, हसला, शेपूट हलवून दारात आला, यापरता मोठा सूड त्याला मरायला टाकणाऱ्यावर दुसरा कोणता?

आणि घरी जनावर आणायचं मनात असेल, तर त्याचे डोळे किती गोड आहेत ते नंतर बघा, आधी आपलं घड्याळ बघा. रोजची वीस मिनिटं आपल्यापाशी आहेत का? नसतील तर आणू नका. असतील, तर मग शेवटपर्यंत द्या.

मिस्त्रींच्या दुकानात आता भिंतीवर एक मोठं घड्याळ आहे आणि त्याखाली खिळा न ठोकता लटकवलेली एक अर्धी खुंटी. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मिस्त्री सांगत नाहीत. बारा वाजले की ते हातातलं काम खाली ठेवतात. तेवढ्यात भागूबाई थप्पीमागून येते आणि आपणहून खुर्चीत चढून बसते.